पोलादी की प्लॅस्टिकचे? : बोल्ट रायफलच्या सुट्या मॅगझिनचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शस्त्रास्त्रांच्या इतिहासाकडे पाहताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तोफा, रणगाडे, विमाने यांसारख्या भव्य साधनांकडे वेधले जाते. सैनिकाच्या हातातील रायफलचा विचार झालाच, तर तो तिचा पल्ला, अचूकता आणि गोळीचा वेग यांपुरता मर्यादित राहतो. परंतु रायफलच्या पोटाखाली बसणारी काडतुसांची लहानशी डबी, म्हणजेच मॅगझिन, हा घटक इतिहासलेखनात जवळजवळ दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः रायफल ऐनवेळी चालेल की अडेल, हे पुष्कळदा या डबीवरच अवलंबून असते.

ही डबी पोलादी पत्र्याची असावी की प्लॅस्टिकची, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. मात्र त्याची ऐतिहासिक उकल केली असता असे दिसते की, या निवडीच्या मुळाशी मॅगझिन हा रायफलचा कायमचा अवयव मानायचा की वापरून बदलण्याची वस्तू मानायची, हा संघटनात्मक प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात बोल्ट रायफलच्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिट्टी मागे-पुढे करावी लागणाऱ्या रायफलच्या, सुट्या मॅगझिनचा इतिहास या दृष्टिकोनातून मांडला आहे. विवेचनाचा मुख्य आधार ली-एनफील्ड रायफल, तिची भारतीय परंपरा आणि त्यानंतरची प्लॅस्टिकची वाटचाल हा आहे.

मॅगझिनची रचना व कार्य

विषयाच्या आकलनासाठी मॅगझिनचे कार्य थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. पेटीसारख्या मॅगझिनमध्ये तळाशी स्प्रिंग असते व तिच्यावर काडतुसांना वर ढकलणारी एक पट्टी असते. डबीच्या वरच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. त्यांना मॅगझिनचे ओठ म्हणतात. हे ओठ वरच्या काडतुसाला रोखून धरतात. बोल्ट पुढे सरकताना ते काडतूस ओठांतून निसटून नळीच्या तोंडात शिरते. ओठ किंचित फाकले तर काडतूस वेळेआधी उसळते आणि किंचित मिटले तर ते अडकते. डबीचा उरलेला भाग थोडाफार खराब झाला तरी चालते. ओठांच्या बाबतीत ही मुभा नसते. त्यामुळे पोलाद आणि प्लॅस्टिक यांची तुलना अखेरीस हे ओठ दीर्घकाळ आपला आकार टिकवतात की नाही, या मुद्द्यापाशी येऊन ठेपते.

ली यांची डबी

सुट्या पेटी-मॅगझिनच्या इतिहासात जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) यांचे नाव अग्रभागी आहे. स्कॉटलंडमधील हॉइक येथे जन्मलेले ली बालपणी कॅनडात गेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. बोल्टच्या खाली बसणाऱ्या व काढता येणाऱ्या पेटी-मॅगझिनचे पेटंट त्यांना १८७९ मध्ये मिळाले. त्या काळात नळीखालच्या लांब नळकांड्यात काडतुसे एकामागे एक ठेवण्याची पद्धत रूढ होती. फ्रान्सची १८८६ ची लेबेल रायफल हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. या पद्धतीत एका काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकत असे, तसेच काडतुसे संपत जातील तसा रायफलचा तोल बदलत असे. ली यांच्या पेटीत काडतुसे एकावर एक रचली जात असल्याने हे दोन्ही दोष टळले.

ब्रिटिश सैन्याने डिसेंबर १८८८ मध्ये ली यांचा बोल्ट व मॅगझिन आणि विल्यम मेटफर्ड यांची नळीतील आटे पाडण्याची पद्धत यांचा संयोग असलेली ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिचा व्यास ०.३०३ इंच होता. आरंभीच्या मॅगझिनमध्ये ८ काडतुसे एका रांगेत बसत. १८९२ च्या सुधारित आवृत्तीत दुहेरी रांग करून ही संख्या १० करण्यात आली. १८९५ मध्ये एनफील्ड कारखान्याच्या पद्धतीची नळी घेऊन ली-एनफील्ड अस्तित्वात आली. मॅगझिन मात्र तेच राहिले.

सुटे असूनही न सुटणारे मॅगझिन

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. मॅगझिन काढता येत असे; तथापि सैनिकाने ते काढून दुसरे भरलेले मॅगझिन लावावे, अशी अपेक्षा ब्रिटिश सैन्याने ठेवली नव्हती. आरंभीच्या रायफलींमध्ये मॅगझिन हरवू नये म्हणून ते एका लहान कडीने रायफललाच जखडलेले असे. शिवाय मॅगझिनवर सरकणारी एक पट्टी होती. ती आत ढकलली की मॅगझिनमधील काडतुसे अडवली जात आणि सैनिकाला एकेक काडतूस हाताने भरावे लागे. मॅगझिनमधील साठा आणीबाणीसाठी राखून ठेवावा, सैनिकाने काडतुसांची उधळपट्टी करू नये, ही सेनाधिकाऱ्यांची भूमिका त्यामागे होती.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) या धोरणाच्या मर्यादा उघड झाल्या. बोअर लढवय्यांच्या माउझर रायफलींचे मॅगझिन पोटात पक्के बसवलेले होते. परंतु पाच काडतुसे धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीने, म्हणजे चार्जरने, ते एका दाबात भरता येत असे. ब्रिटिश सैनिक मात्र आपले सुटे मॅगझिन एकेक काडतूस घालून भरत होता. या अनुभवानंतर ब्रिटिशांनी चार्जरचा स्वीकार केला. १९०७ च्या 'मार्क तीन' या लहान ली-एनफील्डमध्ये पाच-पाच काडतुसांचे दोन चार्जर वरून दाबून मॅगझिन भरण्याची सोय होती. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत उत्पादन सोपे करताना काडतुसे अडवणारी पट्टीही गाळण्यात आली.

या घडामोडींचा परिणाम असा झाला की, ली-एनफील्डचे मॅगझिन साफसफाई व दुरुस्ती यांपुरतेच काढले जाऊ लागले. आर्मरर, म्हणजे पलटणीतील शस्त्रकारागीर, गरजेप्रमाणे ओठांना चिमट्याने बाक देऊन ते त्या रायफलशी जुळवून घेत असे. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असल्याने हे जुळणे विशेष महत्त्वाचे होते. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकली, तर रायफल ठप्प होई. अशा स्थितीत पोलादी पत्रा ही नैसर्गिक निवड होती. तो वाकतो, परंतु पुन्हा सरळही करता येतो. मॅगझिन रायफलचा अवयव मानला गेल्यामुळे दुरुस्त होण्याची क्षमता हा त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

ईशापूरची परंपरा

भारताच्या दृष्टीने हा इतिहास परका नाही. कोलकात्याजवळील ईशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत तेथे ली-एनफील्डचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर झाले. या रायफलसाठी लागणारी काडतुसे तयार करण्यात पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा वाटा होता. दोन्ही महायुद्धांत भारतीय जवानांच्या हाती हीच रायफल होती. तिचे 'थ्री नॉट थ्री' हे नाव मराठी बोलण्यातही रुळले.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्यासाठी नव्या शस्त्रांची निकड निर्माण झाली. त्या दशकात ईशापूर येथे ली-एनफील्डचाच बोल्ट व बांधणी ठेवून ७.६२ मिलिमीटर व्यासाच्या नव्या काडतुसासाठी '२ ए' व नंतर '२ ए १' या रायफली तयार करण्यात आल्या. नव्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड नव्हती. त्यामुळे मॅगझिनचा आकार बदलणे क्रमप्राप्त होते. बाहेरून अधिक चौकोनी दिसणारे हे पोलादी मॅगझिन १२ काडतुसांचे होते. नागरी परवानाधारकांसाठी याच कुळातील .३१५ व्यासाची शिकारी रायफलही ईशापूरने बनवली. बँकांच्या दारातील सुरक्षारक्षकांच्या हाती ती अनेकांनी पाहिली असेल. तिचेही मॅगझिन पोलादीच.

हा वारसा दीर्घकाळ टिकला. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी पोलिसांपैकी काहींच्या हाती .३०३ रायफली होत्या. स्वयंचलित रायफली व अनेक भरलेली मॅगझिने घेऊन आलेल्या हल्लेखोरांपुढे ही विषमता फार बोलकी होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी या रायफलला औपचारिक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. साठ-सत्तर वर्षे जुने पोलादी मॅगझिन तोवर कार्यक्षम राहू शकले, ही धातूच्या टिकाऊपणाची साक्ष आहे. परंतु तेवढ्याच काळात नव्या साधनांची खरेदी लांबत गेली, ही त्याच टिकाऊपणाची दुसरी बाजू होय. जी वस्तू मोडत नाही, ती बदलण्याची निकड प्रशासनाला सहसा जाणवत नाही.

प्लॅस्टिकचा प्रवेश

रायफलच्या बांधणीत कृत्रिम पदार्थांचा प्रवेश दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९५९ मध्ये अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने नायलॉनच्या दस्त्याची 'नायलॉन ६६' ही लहान रायफल बाजारात आणली. लाकडाची जागा प्लॅस्टिक घेऊ शकते, हे तिने दाखवून दिले. मॅगझिनच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी बाळगली गेली. सोव्हिएत संघाने कलाश्निकोव्हसाठी तंतुप्रबलित प्लॅस्टिकची तांबूस मॅगझिने बनवली, तेव्हा ओठ व अडकवण्याचे भाग यांत पोलादी पत्रा कायम ठेवला. डबी प्लॅस्टिकची व ओठ पोलादाचे अशी ही तडजोड होती.

बोल्ट रायफलमध्ये प्लॅस्टिकच्या मॅगझिनचे महत्त्वाचे उदाहरण ऑस्ट्रियाने घालून दिले. ऑस्ट्रियन सैन्याने १९६९ मध्ये स्वीकारलेल्या स्टायर एस.एस.जी. ६९ या नेमबाज रायफलला पाच काडतुसांचे, फिरत्या चक्राचे प्लॅस्टिक मॅगझिन होते. मॅनलिखर-शोनाउअर या जुन्या ऑस्ट्रियन रायफलमधील चक्राची कल्पना येथे नव्या पदार्थात उतरली. चक्रात प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खोबण असल्याने काडतुसांचा भार एकमेकांवर पडत नाही. डबीची मागची बाजू पारदर्शक असल्याने उरलेली काडतुसे दिसत. अमेरिकेतील रूगर कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या ७७/२२ या लहान बोल्ट रायफलमध्येही चक्राचे प्लॅस्टिक मॅगझिन वापरले. फिनलंडची टिक्का टी-३ (२००३) आणि रूगरची 'अमेरिकन' (२०१२) या शिकारी रायफलींनी प्लॅस्टिकचे मॅगझिन सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवले.

याच काळात धातूची परंपराही खंडित झाली नव्हती. इंग्लंडमधील ॲक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीची नेमबाज रायफल ब्रिटिश सैन्याने १९८० च्या दशकात स्वीकारली. तिचे दहा काडतुसांचे मॅगझिन पोलादी होते. पुढे स्वीडनच्या कडाक्याच्या थंडीसाठी तिची विशेष आवृत्ती तयार झाली, तेव्हाही मॅगझिन पोलादीच राहिले. याच कंपनीने इतर रायफलींसाठी तयार केलेल्या सांगाड्याच्या मॅगझिनचा आकार कालांतराने अनेक उत्पादकांनी प्रमाण म्हणून स्वीकारला. २०१६ च्या सुमारास अमेरिकेतील मॅगपुल कंपनीने त्याच आकाराची प्लॅस्टिकची मॅगझिने आणली. त्यामुळे एकाच रायफलला पोलादी व प्लॅस्टिकचे अशी दोन्ही मॅगझिने लावण्याची सोय झाली आणि निवडीचा प्रश्न प्रथमच इतक्या स्पष्टपणे ग्राहकासमोर उभा राहिला.

कारगिलचा अनुभव

प्लॅस्टिक मॅगझिनचा सर्वांत कठोर अनुभव भारताने बोल्ट रायफलमध्ये नव्हे, तर इन्सास या स्वयंभरण रायफलमध्ये घेतला. तरीही तो येथे विचारात घेणे अगत्याचे आहे. इन्सासचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत तयार झाला आणि ज्या ईशापूर कारखान्याने अर्धशतकाहून अधिक काळ पोलादी मॅगझिने बनवली, तेथेही तिचे उत्पादन झाले. रायफलचे वीस गोळ्यांचे मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे होते. उरलेल्या गोळ्या जवानाला दिसाव्यात व वजन कमी व्हावे, हे त्याचे उघड फायदे होते.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर, सुमारे पाच हजार मीटर उंचीवर, ही रायफल लढाईत उतरली. तेथील थंडीत मॅगझिनला तडे जात असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. ज्या जवानाने रात्रभर खडा चढ चढून शत्रूच्या मोर्च्यासमोर मजल मारली, त्याच्या दृष्टीने तडकलेले मॅगझिन म्हणजे हाती केवळ एकेरी बार उरणे होय. आकड्यांच्या तक्त्यात न दिसणारी ही किंमत कोणत्याही खरेदी समितीने डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे.

मात्र या अनुभवावरून 'प्लॅस्टिक थंडीत टिकत नाही' असा सरसकट निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरणार नाही. प्लॅस्टिक हा एक पदार्थ नसून असंख्य पदार्थांचे कुळ आहे. त्यातील तंतूंचे प्रमाण, साच्यातील तापमान, भिंतीची जाडी, कोपऱ्यांची गोलाई यांवर त्याची ताकद ठरते. तंतुप्रबलित नायलॉनची मॅगझिने पुढे अनेक सैन्यांनी स्वीकारली. अमेरिकेच्या मरीन कोअरने डिसेंबर २०१६ मध्ये मॅगपुलच्या मॅगझिनला आपल्या रायफलींसाठी मान्यता दिली. म्हणजे प्रश्न पदार्थाच्या नावाचा नसून त्याच्या घडणीचा व परीक्षणाचा होता. पोलादी पत्र्यातील दोष आर्मररला डोळ्यांनी दिसतो व बोटांना जाणवतो. प्लॅस्टिकमधील दोष मात्र पुष्कळदा साच्यात व मिश्रणात दडलेला असतो आणि तो तडा गेल्यावरच प्रकट होतो. म्हणूनच प्लॅस्टिकच्या बाबतीत कारखान्यातील परीक्षणाचे महत्त्व कितीतरी पटींनी वाढते.

बोल्ट रायफलचे वेगळे गणित

स्वयंचलित रायफलसंबंधीचे निष्कर्ष बोल्ट रायफलला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पहिले कारण वजनाचे आहे. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर तंतुप्रबलित नायलॉनची साधारण १.४ ग्रॅम आहे. सहा-सात मॅगझिने अंगावर वागवणाऱ्या पायदळ जवानाला हा फरक निश्चित जाणवतो. परंतु बोल्ट रायफलचा नेमबाज वा शिकारी पाच-दहा काडतुसांची दोन-तीन मॅगझिने बाळगतो. शिवाय प्लॅस्टिकची भिंत जाड ठेवावी लागत असल्याने प्रत्यक्ष बचत घनतेच्या प्रमाणात होत नाही.

दुसरे कारण जागेचे आहे. पातळ पत्र्यामुळे पोलादी मॅगझिनच्या आत अधिक मोकळीक राहते. दूर पल्ल्याच्या नेमबाजीत लांब गोळी किंचित बाहेर बसवलेली काडतुसे वापरतात. त्यांना ही मोकळीक आवश्यक असते. जाड भिंतीच्या प्लॅस्टिक मॅगझिनमध्ये अशी काडतुसे काही वेळा बसत नाहीत.

तिसरे कारण आघाताचे आहे. स्वयंचलित रायफलमध्ये बोल्ट प्रचंड वेगाने आदळतो व मॅगझिनला सतत हादरे बसतात. बोल्ट रायफलमध्ये ही क्रिया हाताने होते. त्यामुळे येथे प्लॅस्टिकच्या ओठांवर तुलनेने कमी ताण येतो. मात्र भरलेले मॅगझिन महिनोन्महिने तसेच ठेवल्यास सततच्या दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू आकार बदलते. शस्त्रागारात भरून ठेवण्याची पद्धत असेल, तर हा दोष दुर्लक्षिता येणार नाही.

चौथे कारण हवामानाचे आहे. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत पोलाद गंजते व नियमित तेलपाणी मागते. प्लॅस्टिकला ही चिंता नाही. उलट नायलॉनसारखे प्लॅस्टिक अतिथंड व कोरड्या हवेत ठिसूळ होण्याकडे झुकते. मॅगझिन हातातून खडकावर पडले, तर पोलादाला पोचा बसतो व त्या पोच्यातून पुढे कुरबूर सुरू होते. चांगले प्लॅस्टिक लवून पूर्ववत होते; परंतु सहनशक्तीची मर्यादा ओलांडली की एकदम तुटते.

जडवस्तू की खपाऊ वस्तू?

वरील तुलनेतून एक व्यवस्थापकीय मुद्दा निष्पन्न होतो. महाविद्यालयीन प्राध्यापकांना जडवस्तुसंग्रह नोंदवही, म्हणजेच डेड स्टॉक रजिस्टर, आणि खपाऊ वस्तूंची नोंदवही यांतील भेद सुपरिचित आहे. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक पहिल्या नोंदवहीत जातो, तर काचपट्ट्या दुसऱ्या. ली-एनफील्डचे पोलादी मॅगझिन वृत्तीने पहिल्या नोंदवहीतील वस्तू होती. तिला आर्मरर लागे, तेल लागे, दुरुस्ती लागे; परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या चाले. आधुनिक प्लॅस्टिक मॅगझिन हे दुसऱ्या नोंदवहीतील साहित्य आहे. ते स्वस्तात तयार होते, कारण साचा महाग असला तरी नग स्वस्त पडतो. मात्र त्याचे ओठ दुरुस्त करता येत नाहीत. शंका आली की ते टाकून नवे घ्यावे, ही त्याच्या वापराची पूर्वअट आहे.

धोका उद्भवतो तो या दोन व्यवस्थांची सरमिसळ झाल्यावर. प्लॅस्टिकचे मॅगझिन घ्यायचे, परंतु ते जडवस्तूप्रमाणे मोजून, जपून, बदली न देता वर्षानुवर्षे वापरायचे, हे धोरण दोन्ही पदार्थांचे दोष एकत्र आणते. तसेच पोलादी मॅगझिन ठेवायचे आणि आर्मररची पदे व कौशल्य मात्र कमी होऊ द्यायचे, हेही तितकेच घातक आहे.

निष्कर्ष

१. ली यांच्या १८७९ च्या कल्पनेत मॅगझिन सुटे होते. परंतु ब्रिटिश व पर्यायाने भारतीय सैन्यव्यवहारात ते रायफलचा स्थायी अवयव बनले. त्या व्यवस्थेत दुरुस्तीयोग्य पोलाद हीच योग्य निवड होती.

२. प्लॅस्टिकचा स्वीकार केवळ वजन वा किमतीमुळे झाला नाही. मॅगझिन बदलता येण्याजोगी वस्तू मानण्याची नवी दृष्टी त्यामागे होती.

३. कारगिलचा अनुभव प्लॅस्टिकविरोधी पुरावा नसून, प्रत्यक्ष युद्धभूमीच्या हवामानात परीक्षण केल्याशिवाय कोणताही नवा पदार्थ स्वीकारू नये, याचा धडा आहे.

४. बोल्ट रायफलपुरता विचार करता, दूर पल्ल्याची नेमबाजी, अतिथंड प्रदेश व प्रशिक्षित आर्मररची उपलब्धता असेल तेथे पोलादी मॅगझिन अधिक विश्वासार्ह ठरते. दमट हवामान, मर्यादित देखभाल व नियमित नवा पुरवठा शक्य असेल तेथे उत्तम प्रतीचे प्लॅस्टिक श्रेयस्कर होय.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन त्याच्या कारखान्यांची सात सरकारी कंपन्यांत पुनर्रचना झाली. ईशापूरचा कारखाना आता त्यांपैकी एका कंपनीचा भाग आहे. पोलादी पत्रा ठोकून ओठ घडवणाऱ्या जुन्या कारागिरांचे ज्ञान आणि साच्याच्या नव्या तंत्राचे ज्ञान या दोहोंची व्यवस्थित नोंद झाली, तर पुढील पिढीला ही निवड अंदाजाने नव्हे, तर अनुभवाच्या आधारे करता येईल. शस्त्र हाती घेऊन पहाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या सामान्य शिपायाला निवडीचे स्वातंत्र्य नसते. त्याच्या वतीने ती निवड करणाऱ्यांवर म्हणूनच अधिक जबाबदारी येते.